शंभर माणसांची अट

कुत्र्यांवरची पुस्तकं वाचणारे दोन प्रकारचे असतात. पिल्लू आणण्याआधी वाचणारे, आणि त्याने सोफा कुरतडल्यावर वाचणारे. इयान डनबार या पशुवैद्याच्या २००४ सालच्या 'बिफोर अँड आफ्टर गेटिंग युअर पपी' या पुस्तकाने नावातच दोघांचीही सोय केली आहे.

पिल्लू घरी आल्यावर पहिल्या महिन्यात त्याला निदान शंभर माणसं भेटली पाहिजेत, असं हे पुस्तक सांगतं. आकडा ऐकून आमच्या घरी, "मग आचारीच सांगू या," अशी सूचना आली. पण त्यामागचं कारण हसण्यावारी नेण्यासारखं नाही. स्कॉट आणि फुलर या अमेरिकन संशोधकांनी अनेक वर्षं पिल्लांचा अभ्यास करून १९६५ साली ग्रंथ लिहिला. त्याचं सार असं, की साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यापर्यंत पिल्लू जगाची ओळख सहज करून घेतं. नंतर ते अवघड होत जातं. पिल्लू आपल्याकडे येतं ते बहुधा आठव्या आठवड्यात. म्हणजे हाती उरतो जेमतेम महिना, आणि लशी पुऱ्या व्हायच्या असल्याने तेव्हा रस्त्यावर सोडायची चोरी! म्हणून डनबार म्हणतात, माणसंच घरी बोलवा, जोडे बाहेर काढायला लावा आणि त्यांच्या हातून पिल्लाला खाऊ द्या.

इथवर पुस्तकाला पैकीच्या पैकी मार्क. जोडे बाहेर काढायला तर आपल्याला पुस्तकही लागत नाही.

घोडं अडतं ते पुढे. माणसं बोलवावी लागतात, असं हे पुस्तक धरून चालतं. आमच्या सोसायटीत पिल्लू आल्याची बातमी पिल्लाच्या आधी तिसऱ्या मजल्यावर पोचली. चार दिवसांत निम्मी इमारत येऊन गेली. पोरांनी शेपटी ओढली, आजोबांनी 'शेकहँड' मागितला, एका काकूंनी प्रसादाचा शिरा आणला. त्यातले बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक असतात, हे सांगेपर्यंत काकूंचा चेहरा शिऱ्याहून गरम! पिल्लू मात्र शेपटी पोटाखाली घालून, कान मागे पाडून उगाच जांभया देत होतं.

"काकू, घाबरलंय हो ते."

"घाबरतंय कसलं! लाजतंय!"

माझी तक्रार आहे ती इथे. भेट पिल्लाला सुखाची व्हावी, हे डनबारही सांगतात. पण वाचकाच्या डोक्यात राहतो तो शंभराचा आकडा. शंभर जणांनी पिल्लाला उचललं, म्हणजे पिल्लू शंभर जणांना भेटलं असं नव्हे. माणसाने खाली बसावं, हात पुढे करून गप्प राहावं. यायचं की पलंगाखाली जायचं, ते पिल्लाने ठरवावं. अशी दहा माणसं भेटली तरी पुष्कळ. नाहीतर भीतीच पक्की होते, आणि पुढे ते कुत्रं गॅलरीच्या ग्रिलला बांधलेलं, जिन्यात पाऊल वाजलं की भुंकणारं. त्याला मग 'द्वाड' म्हणायला हीच शंभर माणसं पुढे.

तेव्हा पुस्तक जरूर वाचा. फक्त त्यात आपल्याकडच्यासाठी एक प्रकरण हवं होतं: आलेल्या माणसाला न दुखावता पिल्लापासून दोन हात लांब कसं बसवावं! तूर्त आम्ही चहा जरा जास्त गरम देतो. दोन्ही हात गुंततात.