हसत हसत पीएच.डी.?

भौतिकशास्त्रात पुढे शिकू पाहणाऱ्या मुलाच्या हाती आपण शिक्षक हमखास एक पुस्तक ठेवतो : ‘शुअर्ली यू आर जोकिंग, मिस्टर फाइनमन!’ (१९८५). आम्हीही ते अनेकांना दिले. त्यांतला एक एम.एस्सी.च्या पहिल्याच वर्षी परत आला. विद्युत्‌गतिकीच्या एका गणिताशी तो आठवडाभर झटत होता. म्हणाला, “सर, मला मजा येत नाही. म्हणजे मी या विषयाचा नाही.” नाव त्याने आधीच काढून घेतले होते. म्हणून प्रिन्स्टनची प्रकरणे आम्ही पुन्हा वाचली.

ती मजेदार आहेत, यात वाद नाही. १९३९ मध्ये फाइनमन तिथे गेले, तेव्हा सायक्लोट्रॉनच्या खोलीत सगळीकडे वायरी लोंबत होत्या. काम तिथेच का होते, हे त्यांना लगेच उमगले. (उपकरणे कपाटात कुलूपबंद ठेवणाऱ्या शाळांनी हे जरूर वाचावे!) फवारा पाणी आत ओढू लागला तर कोणत्या दिशेने फिरेल, हे पाहताना काचेचा मोठा बुधला फुटतो. पहिल्या व्याख्यानाला समोर आइन्स्टाइन आणि पाउली. कागद काढताना यांचे हात थरथरतात.

पण व्याख्यानात होते काय? ते कसे सुचले? इथे पुस्तक हात आखडता घेते. ती हकिकत फाइनमन यांच्याच १९६५ च्या नोबेल भाषणात सापडते. इलेक्ट्रॉन स्वतःवर बल लावत नाही, ही त्यांची विद्यार्थिदशेतली लाडकी कल्पना. पण त्वरण मिळालेला इलेक्ट्रॉन प्रारणातून ऊर्जा गमावतो. मग त्याला रोखणारे बल कुणाचे? भोवतालच्या प्रभारांचे असेल, असे म्हणत ते मार्गदर्शक व्हीलर यांच्याकडे गेले. व्हीलर यांनी दाखवून दिले, की हा तर साधा परावर्तित प्रकाश! काळात उलट जाणाऱ्या लहरींची वाट व्हीलर यांनीच सुचवली. पुढे बरीच आकडेमोड, आणि १९४२ मध्ये प्रबंध.

ग्लाइक यांच्या ‘जीनियस’ (१९९२) या चरित्रात आणखी एक गोष्ट आहे. तोंडी परीक्षेच्या तयारीसाठी फाइनमन यांनी एक वही घातली होती : मला न कळलेल्या गोष्टींची वही.

चुकलेली कल्पना आणि ही वही, दोन्ही विनोदाच्या पुस्तकात मावल्या नसतील. तक्रार पुस्तकाविषयी कमी, ते एकटेच हाती देणाऱ्या आम्हां शिक्षकांविषयी अधिक आहे. आता आमच्या प्रतीत त्या भाषणाची झेरॉक्स घडी करून ठेवली आहे.