‘बनगरवाडी’तील कामाचा दिवस

व्यंकटेश माडगूळकर यांची ‘बनगरवाडी’ १९५५ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. माणदेशाची रूक्ष भूमी, धनगरांची बोली, अलिप्त निवेदन ही तिची वैशिष्ट्ये आपण वर्षानुवर्षे वर्गात सांगत आलो आहोत. प्रस्तुत लेखात मात्र एका साध्या प्रश्नाकडे लक्ष वेधावयाचे आहे. या वाडीतील माणसे दिवसभर काय करतात? कादंबरीचे रचनातत्त्व आणि तिची मर्यादा, दोन्ही या प्रश्नाशी निगडित आहेत असे मला वाटते.

राजाराम सौंदणीकर हा तरुण मास्तर औंध संस्थानातील या वाडीवर येतो, तेव्हा शाळेत मुले नसतात. दिवस उजाडला की मेंढरे रानात जातात आणि त्यांच्यामागे माणसेही. मूल शाळेत बसले की मेंढरांमागचे एक माणूस कमी होते. याला शिक्षणाविषयीची अनास्था म्हणण्याचा प्रघात आहे. तो उथळ आहे. आईबाप आपला हिशेब नीट जाणतात, एवढेच. पुढे वाडी मास्तराला स्वीकारते तीही प्रथम त्याच्या इतर उपयोगासाठी: कागदपत्र लिहिणे, तंटे ऐकणे, रामा बनगराने साठविलेले चांदीचे रुपये बदलून आणणे. मास्तर गाव सुधारावयास येतो आणि गाव त्याला आपल्या कामाला जुंपते. ही गंमत लेखकाने कोठेही बोलून दाखविलेली नाही.

त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ (१९१५) या ग्रंथात अलुत्या-बलुत्यांची जी तपशीलवार व्यवस्था आढळते, ती या धनगरवस्तीत पुरती नाही. येथे लोहाराचा भाता नाही की कुंभाराचे चाक नाही, असे म्हणावे इतकी वस्ती एकजिनसी आहे. गावराखण हे रामोशाचे परंपरागत काम; परंतु राखावे असे या वाडीत आहे तरी काय? आनंदा रामोश्याची उचलेगिरी आपण विनोद म्हणून वाचतो. कामावाचून उरलेल्या माणसाचे ते पोटाचे साधन आहे, या बाजूने तिचा विचार अभावानेच होतो.

शेकूच्या बायकोचा प्रसंग या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा ठरतो. शेकूपाशी एकच बैल आहे. पेरणीचे दिवस निघून चालले आहेत आणि दुसरा बैल मिळत नाही. तेव्हा त्याची उंचनिंच, धट्टीकट्टी बायको बैलाच्या जोडीने स्वतःच्या खांद्यावर जू घेते. निवेदक हे पाहतो, सांगतो आणि पुढे जातो. समीक्षेने या संयमाची नेहमी स्तुती केली आहे, आणि कलादृष्ट्या ती रास्तही आहे. तरीही एक शंका राहते. ही बाई बैलाच्या जागी उभी राहिली म्हणून निवेदकाच्या दृष्टीस पडली. तिचे रोजचे दळण, पाणी, सरपण, चूल यांना कादंबरीत फारशी जागा नाही. पुरुषांचे काम उघड्या रानात चालते आणि मास्तर तेवढेच पाहू शकतो. अविवाहित परक्या पुरुषाला घराच्या आत प्रवेश नसतो, असे याचे समर्थन करता येईल. निवेदकाची निवड मात्र लेखकाचीच असते. हा भाग शिकविताना एका विद्यार्थिनीने, आमच्याकडे कोळपे अजून आईच ओढते, असे सहज सांगितले होते. तिच्या स्वरात नवल नव्हते. नवल वाटले ते मला, आणि माझे वाचनही मास्तराच्या जागेवरून चालले होते हे तेव्हा ध्यानात आले.

तालमीच्या उभारणीविषयी थोडे सांगितले तरी पुरे. सारी वाडी मजुरीवाचून राबते आणि राजेसाहेब येतात. व्यायामाचे, विशेषतः सूर्यनमस्काराचे, पुरस्कर्ते म्हणून औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी प्रसिद्ध होते, आणि १९३९ मध्ये या संस्थानाने ग्रामपंचायतींवर आधारलेली स्वराज्याची घटना स्वीकारली होती. हा संदर्भ ठेवून वाचल्यास तालीम केवळ भाबड्या उत्साहाचे प्रतीक राहत नाही. मात्र वाडीला खरी निकड पाण्याची होती, आणि ते देणे तालमीच्या किंवा मास्तराच्या हाती नव्हते.

अखेरीस दुष्काळ येतो. चारा संपतो, मेंढरे जातात, माणसे जगावयास बाहेर पडतात. प्रारंभी शाळा ओस होती, कारण मुलांना रानात काम होते. शेवटी ती पुन्हा ओस पडते, कारण वाडीत कोणालाच काम उरलेले नाही. या दोन ओस शाळा शेजारी ठेवून वाचण्याचा प्रयत्न आपल्या वर्गांतून क्वचितच होतो.