कपडे कारण की परिणाम? एका नेहमीच्या संशोधन-प्रश्नाची चिकित्सा



पेटची तयारी करणारे बरेच जण संशोधन आराखडा वाचायला पाठवतात. त्यात एक विषय हमखास असतो: ‘तरुणींच्या पेहरावाचा पुरुषांच्या दृष्टिकोनावर होणारा परिणाम’. विषय महत्त्वाचा आहे, पण शीर्षकातच निष्कर्ष बसवलाय. पेहराव हे कारण आणि पुरुषाची नजर हा परिणाम, असं आधीच ठरवून टाकलंय. आज हेच गृहीतक तपासूया.

१) ‘उत्तेजक’ मोजायचं कसं?

मे २०२३ मध्ये आपल्या शेजारच्या तुळजापुरात, तुळजाभवानी मंदिरात फलक लागले होते. अंगप्रदर्शक, उत्तेजक, असभ्य कपडे आणि हाफ पँट, बर्म्युडा घालणाऱ्यांना प्रवेश नाही, असा त्यांचा आशय होता. टीका झाली आणि काही तासांतच निर्णय मागे घेतला गेला. मंदिराचे नियम हा वेगळा वाद आहे. मला फक्त शब्दांबद्दल बोलायचंय. हाफ पँट ओळखता येते, तिची लांबी टेपने मोजता येते. ‘उत्तेजक’ मात्र कापडाचा गुण नाही, ती बघणाऱ्याच्या मनातली अवस्था आहे. प्रश्नावलीत ‘उत्तेजक पेहराव’ असा रकाना केला, की तुम्ही बघणाऱ्याची प्रतिक्रिया मुलीच्या नावावर नोंदवता.

२) प्रयोग काय सांगतात?

१९९७ मध्ये बार्बरा फ्रेडरिकसन आणि टोमी-ॲन रॉबर्ट्स यांनी वस्तूकरणाचा सिद्धांत मांडला. सतत बघितलं जाण्याच्या अनुभवातून स्त्री स्वतःकडेही बाहेरच्या नजरेने बघायला लागते, असं त्यांचं म्हणणं. १९९८ च्या प्रयोगात विद्यार्थ्यांना आरशासमोर एकट्याने स्वेटर किंवा पोहण्याचा पोशाख घालायला लावला आणि मग गणितं सोडवायला दिली. पोहण्याच्या पोशाखातल्या मुलींचे गुण कमी आले. खोलीत एकही पुरुष नव्हता, तरी नजर सोबत होतीच. पुढे २००४ मध्ये हेबल आणि सहकाऱ्यांनी पुरुषांनाही तोकडी स्पीडो घालायला दिली, तर त्यांचेही गुण घसरले.

दुसरं उदाहरण २०१२ चं. बर्नार्ड आणि सहकाऱ्यांनी अंतर्वस्त्रांतल्या स्त्री-पुरुषांचे फोटो सरळ आणि उलटे दाखवले. उलटा केल्यावर पुरुषाचा फोटो ओळखायला अवघड गेला, स्त्रीच्या फोटोत तसा फरक पडला नाही. म्हणजे स्त्रीचं शरीर वस्तूसारखं पाहिलं जातं, असा निष्कर्ष निघाला आणि बातम्या गाजल्या. पण २०१५ मध्ये श्मिट आणि किस्टेमाकर यांनी दाखवलं की स्त्री-पुरुषांच्या फोटोंमध्ये सममितीचाच फरक होता. तो हिशेबात घेतला की निष्कर्षाचा आधार डळमळतो. शिवाय पूर्ण कपड्यांतले फोटो मूळ प्रयोगात नव्हतेच. मग कपड्यांबद्दल तो काय सांगणार? नियंत्रण गट नसेल तर निष्कर्ष कितीही पटणारा असो, थांबायचं.

३) आता कुंभारीत येऊ

इथे गोदूताई परुळेकर वसाहतीतल्या विडी कामगार महिला आहेत, मेडिकल कॉलेजच्या विद्यार्थिनी आहेत, सोलापूरला शिकायला जाणाऱ्या मुली आहेत. साडी, बुरखा, एप्रन, जीन्स-कुर्ता, सगळं एकाच रस्त्यावर दिसतं. मुलगी सकाळी काय विचार करते? आज यायला उशीर होणार, रिक्षात दाटीवाटीने बसावं लागणार, मग ओढणी घेतलेली बरी. म्हणजे नजरेचा अंदाज आधी, कपडे नंतर. कारण आणि परिणाम इथे उलटे झाले.

समजा सर्वेक्षणात ओढणीवाल्या मुलींनी जास्त त्रास सांगितला आणि जीन्सवाल्यांनी कमी. मग ओढणीने त्रास वाढतो म्हणायचं का? कदाचित जीन्सवाली स्वतःच्या स्कूटीवर येत असेल आणि ओढणीवाली भरलेल्या रिक्षातून. प्रवासाचं साधन विचारलंच नाही, तर हे कळणार कसं?

आणि सगळ्यात मोठी गळती वेगळीच. त्रासामुळे जिचं कॉलेज बंद झालं, ती मुलगी कॉलेजात वाटलेल्या प्रश्नावलीत येतच नाही. जिला सर्वात जास्त भोगावं लागलं, तिचीच नोंद नाही.

४) मग विचारायचं काय?

‘कपड्यांमुळे छेडछाड वाढते असं तुम्हाला वाटतं का?’ या प्रश्नातून फक्त मत मोजलं जातं, घटना नाही. त्याऐवजी विचारा: गेल्या महिन्यात काय घडलं? कुठे, किती वाजता, कोणत्या वाहनात? त्या दिवशी काय घातलं होतं, हेही विचारा, पण घटनेचा एक तपशील म्हणून. मुलग्यांसाठी वेगळी प्रश्नावली करा आणि त्यांना मत नको, कृती विचारा. शिक्षण सोडलेल्या मुलींपर्यंत घरी जाऊन पोचा, त्यांची संमती आणि गोपनीयता सांभाळून.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतली कलम ७५ (लैंगिक छळ) आणि ७८ (पाठलाग) एकदा वाचा. व्याख्या पुरुषाच्या कृतीची आहे, मुलीच्या कपड्यांची नाही. कायद्याने जे चल धरलं, ते आपण तरी का सोडावं?

आपला प्रबंध कपाटात राहतो असं समजू नका. ‘पेहरावाचा परिणाम सिद्ध’ हे एक वाक्य कॉलेजच्या ड्रेसकोडला पुरतं, आणि एखाद्या बापाला मुलीचं शिक्षण थांबवायलाही. म्हणून आराखडा पाठवण्याआधी शीर्षकातला कर्ता कोण आहे ते बघा. बघणारा पुरुष असेल, तर अभ्यासही त्याचाच करा.