पेशीविभाजनाच्या आकृतीत घड्याळ कुठंय?

गेल्या महिन्यात वहिनीचा फोन आला. दहाव्या आठवड्यात गर्भपात झाला होता आणि तपासणीचा रिपोर्ट नुकताच हातात पडला होता. गर्भाच्या पेशींत 16 नंबरची गुणसूत्रं दोनऐवजी तीन. "तू यातलीच ना गं, खरं सांग. त्या दिवशी पपई खाल्ली म्हणून झालं का? की एसटीत हादरे बसले म्हणून?"

वहिनीने बारावीपर्यंत जीवशास्त्र घेतलं होतं. अर्धगुणसूत्री विभाजनाची आकृती तिनेही काढलेली, पूर्ण मार्क मिळवलेले. तरी तिच्या प्रश्नाचं उत्तर तिला त्या आकृतीतून मिळालं नाही. म्हणून आज त्या आकृतीचंच परीक्षण करायचं ठरवलंय. (वहिनीला विचारूनच लिहितेय.)

आकृती तुम्हालाही आठवत असेल. आधी साध्या, म्हणजे सूत्री विभाजनाची. चार गोल. पहिल्यात धाग्यांचा गुंता, दुसऱ्यात मधोमध रांग, तिसऱ्यात दोन्हीकडे ओढाताण, चौथ्यात कंबर आवळलेली पेशी. पूर्वावस्था, मध्यावस्था, पश्चावस्था, अंत्यावस्था. "सुबक व नामनिर्देशित आकृती काढा" असं आलं की पेन्सिलीला टोक करायचं आणि हक्काचे मार्क घ्यायचे.

आधी तिची बाजू घेते. आकृती चुकीची नाहीये. क्रम बरोबर आहे आणि मुख्य गोष्ट कळते: आधी गुणसूत्रांची प्रत तयार होते, मग दोन्ही पेशींना एकेक संच मिळतो. बारीक तक्रारी आहेत. उदाहरणार्थ, केंद्रकाचं आवरण नाहीसं होतं असं ती सरसकट सांगते. मी ज्या यीस्टवर काम करते त्यात ते शाबूत राहतं आणि विभाजन आतल्या आतच उरकतं. पण शाळेसाठी तेवढं चालतं.

माझं खरं भांडण वेळेवरून आहे. ही चित्रं मुळात आली कुठून? जर्मनीत कील इथे वाल्टर फ्लेमिंग सॅलमँडरच्या अळ्यांच्या पेशी रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा. 1882 साली त्याचं पुस्तक आलं, 'मायटोसिस' हा शब्द त्याचाच. रंगवलेली पेशी मेलेली असते. म्हणजे त्याच्यासमोर शेकडो सुटे फोटो होते आणि कुठला आधी, कुठला नंतर हे त्याला ठरवायचं होतं. म्हणून त्याने जिवंत पेशीही तासन्‌तास बघितल्या आणि क्रम ताडून पाहिला. आपल्या पुस्तकांनी त्याचा क्रम घेतला, त्याचं ते ताटकळत बसणं गाळलं. चारही गोल सारख्या आकाराचे, सारख्या अंतरावर. जणू प्रत्येकाला सारखाच वेळ लागतो.

तसं नसतं. प्रयोगशाळेत वाढवलेल्या माणसाच्या पेशीचं एक चक्र साधारण 24 तासांचं धरलं, तर हे चारही गोल मिळून तासाभरात संपतात. त्यातही दुसऱ्या गोलात पेशी मुद्दाम थांबते. एक जरी गुणसूत्र ओढणाऱ्या तंतूंना जोडलं गेलं नसेल, तरी ती पुढे जायला बघत नाही. लग्नाच्या बसमध्ये डोकी मोजल्याशिवाय गाडी सोडत नाहीत, तसंच. आकृतीत मात्र ही रांग निव्वळ एक पोझ वाटते.

आता वहिनीच्या प्रश्नाकडे. अर्धगुणसूत्री विभाजनाच्या आकृतीत एका पेशीपासून शेवटी चार सारख्या पेशी दाखवतात. शुक्राणूंसाठी ठीक. अंडपेशीच्या बाबतीत मात्र मोठी पेशी एकच उरते, बाकीच्या चिमुकल्या पेशी विरून जातात. आणि वेळ? बाईच्या अंडपेशींचं हे विभाजन ती स्वतः आईच्या पोटात असतानाच सुरू होतं. आईकडचं आणि वडिलांकडचं गुणसूत्र जोडी करतात, तुकड्यांची अदलाबदल करतात आणि तिथेच थांबतात. पहिल्या गोलातच. वयात आल्यावर दर महिन्याला साधारण एखादी पेशी पुढे सरकते, आणि शेवटचा टप्पा तर शुक्राणू आत शिरल्यावरच पूर्ण होतो.

वहिनी 37 वर्षांची आहे. म्हणजे ती पेशी 37 वर्षं त्या पहिल्या गोलात उभी होती. इतका काळ जोड्या धरून ठेवायचं काम कोहेसिन नावाच्या प्रथिनाच्या कड्या करतात. उंदरांवरच्या प्रयोगांत असं दिसलंय की या कड्या जन्माआधीच बसवल्या जातात आणि नंतर बदलून मिळत नाहीत. त्या झिजल्या की जोडी वेळेआधी सुटते आणि एखादं गुणसूत्र चुकीच्या बाजूला जातं. अंडपेशीत ती डोकी मोजायची पद्धतही जरा सैल असते. 16 नंबरच्या तिसऱ्या गुणसूत्राची चूक जवळजवळ नेहमी अंडपेशीच्या याच पहिल्या विभाजनात झालेली असते. सुरुवातीच्या गर्भपातांपैकी साधारण निम्म्यांत गुणसूत्रांची संख्या चुकलेली सापडते.

म्हणजे गर्भ राहिला तेव्हा चूक होऊन गेलेली होती. पपई आणि एसटी दोन्ही नंतरच्या.

एवढं सगळं शाळेत शिकवा असं मी म्हणत नाही. पण चार गोलांखाली वेळेची एक रेघ ओढायला काय हरकत आहे? आणि अंडपेशीची आकृती वेगळी काढून तिच्यावर तीन खुणा: आईच्या पोटात, अंडं सुटताना, शुक्राणू भेटल्यावर. अर्ध्या पानाचं काम. परीक्षेत नावं विचारण्याऐवजी "पेशी इथे का थांबली?" असं विचारा. घोकंपट्टी आपोआप कमी होईल.

मी फोनवर बोलत होते तेव्हा वहिनीने कागदावर ती रेघ काढली. मग थोडा वेळ गप्प होती. म्हणाली, "हे आईंनापण एकदा समजावून सांगशील?" आई म्हणजे माझीच आई. पपईचा विषय घरात तिनेच काढला होता. रविवारी घरी चाललेय, कागद-पेन्सिल घेऊन.