नियम सर्वांचे, नावे एकाची

डिलाईल रोडवरच्या चाळींच्या गल्लीत क्रिकेटचे नियम मुलेच ठरवतात. एक टप्पा एक हात झेल घेतला तर आऊट, खिडकीवर चेंडू गेला तरी आऊट. या नियमांचे पैसे कोणी कोणाला देत नाही. आता त्याच चाळींच्या जिन्यात मोबाईलवर क्रिकेट खेळणारी मुलेही दिसतात. त्यांतल्या एकाने मला विचारले, "काका, हा प्लेअर दिसतो आपल्यासारखाच, मग याचं नाव वेगळंच का?"

प्रश्न साधा आहे, पण खेळांच्या व्हिडिओ गेमचा सारा बाजार त्यात सामावलेला आहे. क्रिकेटचे नियम किंवा चेंडूच्या गतीचे भौतिकशास्त्र ही कोणाची मालमत्ता नाही. खेळाडूचे नाव, चेहरा आणि संघाचे बोधचिन्ह यांसाठी मात्र परवाना लागतो. इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या अमेरिकन कंपनीचा 'क्रिकेट 07' हा गेम 2006 साली आला. त्यात भारतीय खेळाडूंची खरी नावे नव्हती. ती खेळणाऱ्यांनीच फायली बदलून घातली!

"ज्याचा गेम चांगला तो टिकतो, बाकीचे मागे पडतात," असे आपण सहज बोलून जातो. हे विधान तपासून पाहिले पाहिजे. 2004 साली अमेरिकन फुटबॉलचे दोन गेम बाजारात होते. इलेक्ट्रॉनिक आर्ट्सचा 'मॅडन' सुमारे 50 डॉलरना मिळे. प्रतिस्पर्ध्याने आपला गेम 20 डॉलरना आणला, तेव्हा मॅडनची किंमत 30 डॉलरपर्यंत उतरली. त्याच डिसेंबरात इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने अमेरिकेच्या फुटबॉल लीगशी एकाधिकाराचा करार केला. खरी नावे वापरणारा दुसरा गेम काढण्याचा मार्ग त्यामुळे बंद झाला, आणि पुढच्या वर्षीची आवृत्ती पुन्हा 50 डॉलरच्या घरात गेली. ग्राहकांनी 2008 साली दावा लावला. कंपनीने चूक मान्य न करता 2012 साली 2 कोटी 70 लाख डॉलरवर तो मिटवला. येथे प्रतिस्पर्धी हरला तो मैदानात नव्हे, मैदानाच्या फाटकाशी.

अर्थात एका उदाहरणावरून नियम बांधणे अशास्त्रीय ठरेल. याच कंपनीचा 'फिफा' या नावाचा करार संपल्यावर 2023 पासून तिचा फुटबॉल गेम नव्या नावाने येऊ लागला, आणि तरीही तो बाजारात भक्कम राहिला. परंतु क्लब, स्पर्धा आणि खेळाडू यांचे शेकडो परवाने तिच्या हाती होतेच, हेही लक्षात घेतले पाहिजे.

बाजार किती जणांच्या हातात एकवटला आहे, हे मोजता येते. प्रत्येक कंपनीचा टक्केवारीतील वाटा घेऊन त्याचा वर्ग करायचा आणि सर्व वर्गांची बेरीज करायची. यास हर्फिंडाल-हर्शमन निर्देशांक म्हणतात. समान वाट्याच्या दहा कंपन्या असतील तर उत्तर 1000 येते, एकच असेल तर 10000. अमेरिकेच्या 2023 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार 1800 च्या वरचा बाजार अतिकेंद्रित समजला जातो. समजा, तीन कंपन्यांचे वाटे 50, 30 व 20 आहेत. निर्देशांक 2500 + 900 + 400 म्हणजे 3800. आता 30 व 20 वाल्या एकत्र आल्या, तर तो 5000 होतो. वाढ 1200, म्हणजे 2 × 30 × 20. आठवीच्या बीजगणितातले 2ab ते हेच.

पण या निर्देशांकाला दोन गोष्टी दिसत नाहीत. पहिली, परवान्याचे फाटक. दुसरी, मालक बदलणे. चेन्नईच्या नेक्स्टवेव्हने 'वर्ल्ड क्रिकेट चॅम्पियनशिप' आणि नॉटिलसने 'रिअल क्रिकेट' हे गेम मोबाईलवर उभे केले. स्वस्त फोनवर चालणारे आणि फुकट उतरवून घेता येणारे हे गेम आपल्या मुलांपर्यंत पोचले, ही त्यांची खरी कामगिरी. पुढे नेक्स्टवेव्हचे नियंत्रण मुंबईच्या नझाराकडे गेले. नॉटिलस आधी पुण्याच्या जेटसिंथेसिसकडे आणि 2025 साली दक्षिण कोरियाच्या क्राफ्टनकडे गेली. खरेदीदाराचा स्वतःचा क्रिकेट गेम नसेल, तर अशा व्यवहाराने निर्देशांक तसूभरही हलत नाही. मोठे भांडवल आल्याने परवाने घेणे सोपे होईल, हा लाभही नाकारता येत नाही. मात्र उद्या या मोठ्यांपैकी कोणी सर्व नावांचा एकाधिकार घेतला, तर तिसऱ्या छोट्या निर्मात्याने चेंडूची फिरकी कितीही हुबेहूब साधली तरी त्याला विचारतो कोण?

शिक्षकांना एक उपक्रम सुचवतो. वर्गातील मुले कोणते खेळांचे गेम खेळतात याची नोंद करून निर्देशांक काढावा. आधी गेमनिहाय काढावा, मग मालकांची नावे शोधून मालकनिहाय. दुसऱ्यांदा फक्त क्रिकेटचे गेम धरावेत आणि उत्तर किती बदलते ते पाहावे. बाजाराची सीमा कोठे आखली यावर उत्तर अवलंबून असते, हे मुलांना आपोआप कळेल. मग त्यांना आपल्या गल्लीचे नियम असलेला एखादा गेम कागदावर रचायला सांगावे. त्यासाठी कोणाचाही परवाना लागत नाही.