श्वासनियमन आणि श्रमिकाचा ताण : एका प्रयोगाचे परीक्षण

औद्योगिक श्रमिकाच्या ताणाची चर्चा करताना श्वासनियमन व जैव-प्रत्याभरण अर्थात बायोफीडबॅक या उपायांचा पुरस्कार वारंवार केला जातो. त्याच्या समर्थनार्थ जे पुरावे दिले जातात, त्यांत डॉ. चंद्रा पटेल, मायकेल मार्मट व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगाला महत्त्वाचे स्थान आहे. म्हणूनच त्याचे परीक्षण अगत्याचे ठरते.

एका मोठ्या उद्योगातील ३५ ते ६४ वर्षे वयाचे २०४ कर्मचारी या प्रयोगासाठी निवडण्यात आले. वाढलेला रक्तदाब, रक्तातील अधिक कोलेस्टेरॉल व धूम्रपान यांपैकी किमान दोन दोष प्रत्येकाच्या ठायी होते. यदृच्छेने पाडलेल्या दोन्ही गटांना आरोग्यविषयक पत्रके देण्यात आली. एका गटाला मात्र शिवाय आठ आठवडे, दर आठवड्यास एक तास, श्वसन, शिथिलीकरण व ध्यान यांचे शिक्षण मिळाले. त्वचेच्या विद्युत्-रोधातील बदल दाखविणारे यंत्रही साहाय्यास होते. या गटाचा रक्तदाब आठ महिन्यांनंतरही तुलनेने अधिक उतरलेला आढळला. १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या पाठपुराव्यात चार वर्षांनंतरही हा फरक टिकून होता.

हे यश निःसंशय मोलाचे आहे; परंतु त्याचे श्रेय कशाला द्यावयाचे? श्वसन, ध्यान व यंत्र ही तिन्ही साधने एकत्र वापरल्यामुळे प्रत्येकाचा वाटा वेगळा काढता येत नाही. शिवाय दुसऱ्या गटाच्या वाट्याला केवळ पत्रके आली. शिक्षकाचा सहवास व समूहाचा आधार यांचा परिणाम त्यामुळे साधनांच्या परिणामात मिसळून गेला.

याहून मूलगामी प्रश्न निराळाच आहे. कामाचा रेटा मोठा आणि निर्णयाचे स्वातंत्र्य अल्प, या संयोगातून ताण उपजतो, असे रॉबर्ट कॅरासेक यांनी १९७९ सालीच प्रतिपादिले होते. पुढे ज्या संशोधनाचे नेतृत्व मार्मट यांनीच केले, त्या लंडनमधील शासकीय सेवकांच्या ‘व्हाइटहॉल’ अभ्यासातही, १९९७ सालच्या निष्कर्षानुसार, कामावर ताबा नसणे व हृद्रोग यांचा संबंध दिसून आला. यंत्राची गती, पाळी व विश्रांती श्रमिकाने ठरवावयाची नसेल, तर त्याच्या हाती केवळ स्वतःचा श्वास उरतो.

तात्पर्य, श्वासनियमन त्याज्य नव्हे. मात्र ते शिकविल्याने कामाची रचना सुधारण्याचे उत्तरदायित्व संपते, असा अर्थ काढणे म्हणजे प्रयोगाने जे तपासलेच नाही, ते त्याच्या पदरी बांधणे होय.