कैफियतीच्या पलीकडचा नायक

मराठी कादंबरीला सुरुवातीपासूनच दोन वाटा आहेत. बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ १८५७ साली आली ती विधवांचे हाल सांगत. चार वर्षांनी लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ आली ती संकटे, सुटका आणि योगायोगांची अद्भुतरम्य दुनिया घेऊन. पहिली वाट वाचकाला अस्वस्थ करते, दुसरी त्याला रात्रभर जागवते. समलिंगी माणूस आपल्या साहित्यात आला तो मात्र पहिल्याच वाटेने. तेंडुलकरांच्या ‘मित्राची गोष्ट’ या १९८१ च्या नाटकातली सुमित्रा आत्महत्येपाशी संपते. बिंदुमाधव खिरे यांची ‘पार्टनर’ (२००५) समलिंगी तरुणाच्या मनाची घालमेल मांडते. सचिन कुंडलकरांच्या ‘कोबाल्ट ब्लू’त (२००६) तनय आणि अनुजा ही भावंडे घरी राहायला आलेल्या एकाच तरुणात गुंततात आणि त्याचे निघून जाणे दोघांनाही सोसावे लागते. या कलाकृतींचे मोल मोठे आहे. जे बोलता येत नव्हते ते त्यांनी बोलून दाखवले. पण प्रत्येकीत समलिंगी माणसाला आधी स्वतःची कैफियत द्यावी लागते. गड सर करणारा, मायावी शत्रूला भिडणारा आणि सहजपणे पुरुषावर प्रेम करणारा नायक आपल्या साहसकथेच्या मुख्य प्रवाहात दिसत नाही.

सातारा-सांगलीच्या मुलखात ही उणीव अधिक खटकते, कारण समाजाने वेशीबाहेर ठेवलेल्या माणसाला साहसकथेचा नायक कसे करावे हे याच मुलखाने दाखवून दिले आहे. वाळवे तालुक्यातल्या वाटेगावचे अण्णा भाऊ साठे यांची ‘फकिरा’ १९५९ साली आली. इंग्रजांच्या कायद्याने जन्मतःच गुन्हेगार ठरवलेल्या जमातीतला माणूस त्यांनी नायक केला. हजेरीचा जाच, भूक, दुष्काळ यांतले काहीही त्यांनी लपवले नाही. पण सुरुवातीलाच फकिराचा बाप राणोजी शिगावची जोगणी वाटेगावात आणतो. जोगणी आली की गाव सुखी होणार, ही गावाची श्रद्धा, आणि तिच्यापायी तो जीव गमावतो. पुढे फकिरा भुकेल्यांसाठी धान्य लुटतो तेव्हा वाचक त्याची कीव करत बसत नाही, त्याच्याबरोबर दौडतो. समलिंगी संबंधांनाही १८६० च्या दंडसंहितेतले कलम ३७७ थेट २०१८ पर्यंत गुन्हा ठरवत होते. जातीचे दुःख आणि हे दुःख एक नव्हे. तरीही कायद्याने गुन्हेगार ठरवलेल्या माणसाला दयेऐवजी पराक्रम देण्याची अण्णा भाऊंची रीत इथेही तितकीच लागू पडते.

हे साधते कसे, हे इंग्रजी अद्भुत कादंबरीने दाखवले आहे. मर्सिडीज लॅकी यांनी १९८९ साली सुरू केलेल्या कादंबरीत्रयीचा नायक व्हॅनियल समलिंगी आहे. त्याचे पहिले प्रेम मृत्यूने हिरावले जाते, बापाचा तिरस्कार त्याला सोसावा लागतो. म्हणजे दुःख इथेही आहेच. पण वाचक पान उलटतो तो हा जादूगार राज्य कसे वाचवणार या उत्कंठेने. वास्तववादी कादंबरीला आहे तो समाज घेऊनच चालावे लागते. अद्भुत कादंबरीचा लेखक जगाचे नियमच नवे करू शकतो. दोन पुरुषांच्या प्रेमाला जिथे कुणी नावे ठेवत नाही असे राज्य त्याने उभे केले, तर शे-दोनशे पानांत ती गोष्ट वाचकाच्या अंगवळणी पडते. जखमी सोबत्याला पाठीवर घेऊन कडा उतरणारा नायक त्याचा प्रियकर आहे, हे तिथे समजावून सांगावे लागत नाही. त्या प्रेमामुळे प्रसंगातली धास्ती मात्र वाढते.

यावर पहिला आक्षेप असतो की ही पळवाट आहे. ‘फकिरा’ वाचून अन्यायाचा विसर पडत नाही. उलट त्याच्याशी झुंजण्याची उमेद येते. दुसरा आक्षेप असतो की हे आपल्याकडचे नाही. सांगलीत १९९२ पासून काम करणाऱ्या ‘संग्राम’ या संस्थेने समलिंगी आणि तृतीयपंथी माणसांना संघटित केले, ती इथलीच माणसे आहेत. शिवाय याच सांगलीत विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली ‘सीता स्वयंवर’ रंगवले. पुरुषाने वठवलेली स्त्री आणि ‘अलल्डुर्र’ करत तलवार फिरवणारा राक्षस प्रेक्षकांनी पिढ्यान्‌पिढ्या मनापासून पाहिले. स्त्रीपार्ट म्हणजे समलिंगीपण नव्हे. पण अनोळखी संकेत आपलासा करण्याची ताकद या रसिकात आहे, एवढे त्यावरून नक्की दिसते. तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे: नायक समलिंगी केला म्हणून कादंबरी चांगली होत नाही. हे अगदी खरे. म्हणूनच कसोटी साहसकथेचीच लावावी. नायकापुढे त्याच्या ओळखीहून मोठे काही पणाला लागले आहे का? त्याचे प्रेम कथानकाला वळण देते की नुसते चिकटवलेले आहे? कृष्णा-वारणेच्या खोऱ्यात, सह्याद्रीच्या गडांत, जोगणीसारख्या श्रद्धांत या कसोटीला उतरणारी सामग्री भरपूर आहे. ती हाती घेणारा लेखक समलिंगी वाचकाला सहानुभूतीच्या पुढचे काही देईल: आपल्यासारख्या माणसाचा पराक्रम वाचण्याचा निखळ आनंद. इतर वाचकांना तो ‘मुक्तामाला’पासून मिळत आला आहे.